दोन्हीकडे बादशहाचं नाव: एका 'लखी' रुपयाची तपासणी

औरंगजेबाचा एक चांदीचा रुपया पुण्यातल्या एका संग्राहकाकडे विकायला येतो. विकणारा सांगतो, सुरतेच्या टांकसाळीचा आहे, निर्दोष आहे आणि पूर्ण 'लखी' आहे, म्हणजे टांकसाळीच्या चुकीने दोन्हीकडे एकच बाजू उमटलेला. म्हणून साध्या सुरती रुपयाच्या आठपट दाम. एका बाजूला फारसी अक्षरं नेहमीसारखी उठावात आहेत. नाणं उलटलं की त्याच धाटणीची अक्षरं आत दबलेली, आणि आरशात पाहावीत तशी उलटी. निर्णयाला दोन दिवस आहेत. जवळ ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, कॅलिपर, दहापट भिंग, एक टेबललॅम्प आणि फोन आहे. एवढ्या साहित्यात खऱ्याखोट्याचा निकाल लागतो.

हे प्रकरण एखाद्या ठरावीक विक्रीचं नाही. अशा नाण्यांच्या तपासणीत जे जे पुढे येतं ते एकाच रुपयावर, मापांसकट, बसवून मांडलं आहे, म्हणजे प्रत्येक पायरीला हिशोब कसा करायचा ते दिसेल.

असं नाणं पडतं कसं

मोगल रुपया हाताने, घणाच्या घावाने पाडला जाई. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर तोललेली कोरी चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा हाताने धरायचा आणि घण मारायचा. आईन-ए-अकबरीत टांकसाळीच्या कामगारांची यादी आहे. तिच्यात ठसे कोरणारा मुहरकन, दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवणारा सिक्कची आणि घण चालवणारा अशी माणसं वेगवेगळी सांगितली आहेत. चकती ठेवणारा एक आणि घाव घालणारा दुसरा, ही वाटणी आपल्या प्रकरणात महत्त्वाची आहे.

घाव बसल्यावर नाणं सहसा खालच्या ठशावर राहतं आणि बोटाने बाजूला सारलं जातं. कधीतरी चांदी वरच्या ठशाच्या कोरलेल्या अक्षरांत घट्ट अडकते आणि ठसा उचलला की नाणंही त्याच्याबरोबर वर जातं. वरच्या ठशाचं तोंड खाली असतं, त्यामुळे चिकटलेलं नाणं कुणाच्या नजरेला पडत नाही. सिक्कची पुढची चकती ठेवतो आणि घण पडतो. या नव्या चकतीला खालून खालच्या ठशाचा नेहमीचा छाप मिळतो. वरून मात्र ठसा लागतच नाही. लागतं ते चिकटलेलं नाणं. त्या नाण्याची उघडी बाजू घडवली होती खालच्याच ठशाने. म्हणून नव्या नाण्यावर एका बाजूला खालच्या ठशाचा उठाव आणि दुसऱ्या बाजूला त्याच ठशाची खोलगट, उलटी प्रतिमा उमटते. युरोपातल्या संग्राहकांच्या भाषेत हे ब्रॉकेज. आपल्याकडच्या नाणेबाजारात 'लखी', म्हणजे लाखात एक. लाख हा आकडा कुणी मोजलेला नाही, दुर्मिळपणा सांगण्याची ती रीत आहे.

नाणं खालच्या ठशाला चिकटून राहिलं तरी लखी पडू शकतं. मग दोन्हीकडे वरच्या ठशाची बाजू येईल. पण तिथे सिक्कची चकती ठेवतानाच चिकटलेलं नाणं पाहतो आणि काढून टाकतो. त्यामुळे हाती येणारी बहुतेक लखी नाणी वरच्या ठशाला चिकटलेल्या नाण्यामुळे झालेली असतात. यातून एक माहिती आयती मिळते: लखी नाण्यावर जी बाजू दोनदा दिसते, तो ठसा त्या घावाला बहुधा ऐरणीवर होता. आपल्या रुपयावर बादशहाच्या नावाची बाजू दोनदा आहे, म्हणजे या वेळी तो ठसा बहुधा खाली होता. एका नाण्यावरून सगळ्या मोगल टांकसाळींचा नियम मात्र बांधू नये.

आधी जे दोष नाहीत ते बाजूला काढा

मोगल रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. पूर्ण मजकूर एका नाण्यावर जवळजवळ कधीच बसत नाही. तारखेचा शेवटचा आकडा कडेबाहेर गेला, टांकसाळीचं नाव अर्धं कापलं गेलं, हा टांकसाळीचा दोष नव्हे. तो त्या रुपयाचा स्वभाव आहे. यंत्राच्या नाण्यांवर शिकलेला 'ऑफ सेंटर' हा शब्द इथे लावून कुणी जादा पैसे मागत असेल तर नम्रपणे नको म्हणावं. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयाला तर हे आणखीच लागू पडतं. त्यावर ठशाचा एवढा थोडा भाग येतो की अंकुश आणि दोनचार अक्षरं नीट दिसली तरी नाणं चांगलं म्हणायचं.

सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या लहान खुणाही टांकसाळीचा दोष नाहीत. कडेच्या चिरा चकती ठोकताना पडतात, त्याही सर्रास असतात. खरे दोष म्हणजे दुहेरी घाव, नाणं उलटून बसलेला दुसरा घाव, ठसा फुटल्यामुळे उमटलेली उंच रेघ, मध्ये चकती नसताना ठशावर ठसा आदळल्याच्या खुणा, आणि लखी.

यातली ठशावर ठसा आदळल्याची खूण लखी म्हणून विकली जाते. फरक सोपा आहे. आदळलेल्या ठशाच्या नाण्यावर त्या बाजूची मूळ अक्षरं पूर्ण असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत दुसऱ्या बाजूची पुसट, उलटी आकृती दिसते. इजा ठशाला झालेली असते, म्हणून त्याच ठशाच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर ती तशीच येते. लखी नाण्यावर त्या बाजूची मूळ अक्षरं नसतातच, आणि प्रत्येक लखी नाणं वेगळं असतं.

वजन आणि घनता: पास झालं म्हणून खूश होऊ नका

काट्यावर वजन ११.४२ ग्रॅम. औरंगजेबाचा चांगल्या अवस्थेतला रुपया साधारण ११.४ ते ११.६ ग्रॅम भरतो. व्यास २३.४ आणि २२.८ मिमी; हाताने घडवलेली चकती अगदी गोल नसतेच.

घनतेसाठी काचेचा पेला अर्धा भरून काट्यावर ठेवायचा, पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब घालायचा म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत, आणि काटा शून्यावर आणायचा. मग नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचं. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. काट्यावर आता जो आकडा येतो ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. इथे १.१० ग्रॅम. ११.४२ ÷ १.१० = १०.३८.

शुद्ध चांदीची घनता १०.४९. ९७ टक्के चांदी आणि बाकी तांबं असेल तर १०.४४ च्या आसपास, ९० टक्क्यांना १०.३१. पण आपल्या काट्याची शेवटची पायरी ०.०१ ग्रॅम आहे, आणि १.१० मध्ये ०.०१ म्हणजे जवळजवळ एक टक्का. उत्तरात ०.१ इकडेतिकडे धरावंच लागतं. म्हणजे १०.३८ वरून चांदी ९७ टक्के की ९० टक्के हे सांगता येत नाही. तांब्या-पितळेवर चांदीचा मुलामा किंवा पोकळ्या राहिलेली ओतीव नक्कल तेवढी यात पकडली जाते. पाणी २७ अंशांचं होतं म्हणून करायची दुरुस्ती ०.०४ इतकीच असते, काट्याच्या चुकीपेक्षा लहान. ती सोडून द्या.

या टप्प्यावर पुष्कळजण फसतात. वजन बरोबर, घनता बरोबर, चांदी जुनी, मग नाणं खरं. नाणं खरं असेलही. पण लखीची सगळ्यात सोपी लबाडी खऱ्या रुपयावरच करतात: दोन अस्सल रुपये एकमेकांवर ठेवून शिकंज्यात किंवा प्रेसमध्ये दाबायचे. एकाच्या उठावाचा खड्डा दुसऱ्यात पडतो. अशा रुपयाचं वजन, घनता, चांदीचा कस सगळं अस्सलच निघणार. सराफाकडच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या) यंत्राचंही तसंच. ते वरच्या थराची चांदी मोजतं, जो शतकानुशतकं तांबं झिरपून गेल्यामुळे आतल्यापेक्षा जास्त शुद्ध असतो. दाब कधी पडला हे ते सांगत नाही.

कोर

आता खोलगट बाजू भिंगाखाली. उलटी अक्षरं सगळ्या नाण्यावर नाहीत. एका कडेला चंद्रकोरीच्या आकाराची जागा मोकळी आहे (तिला पुढे 'कोर' म्हणू) आणि तिच्या आतल्या काठाला पायरी आहे. चिकटलेलं नाणं नव्या चकतीवर पुरतं आलं नव्हतं, थोडं सरकलेलं होतं. पायरी त्याच्या कडेची. म्हणजे हे अर्धवट लखी. 'पूर्ण लखी' हा विकणाऱ्याचा शब्द इथेच गळून पडतो.

पायरी कसल्या आकाराच्या नाण्याची, ते शाळेतल्या भूमितीने काढता येतं. कमानीची जीवा मोजली १८ मिमी. जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची, म्हणजे शर, ४.२ मिमी. जीवेचा वर्ग भागिले शराची चौपट, अधिक शर, म्हणजे व्यास: ३२४ ÷ १६.८ = १९.३, अधिक ४.२ = २३.५ मिमी. चिकटलेलं नाणंही रुपयाच होतं. (कमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजून पाहा, हाताच्या नाण्याची कड एकसारखी नसते.)

पण कोरीचं खरं काम वेगळं आहे. चिकटलेल्या रुपयाची जाडी अडीच मिमीच्या पुढे. तेवढं अंतर मध्ये असताना वरचा ठसा कोरीपर्यंत पोचणं कठीण. म्हणून खऱ्या अर्धवट लखी रुपयावर कोर जवळजवळ रिकामी असते, नाहीतर एखाददुसऱ्या अक्षराचा फक्त माथा पुसट लागलेला असतो, आणि तिथे नाणं जाडही राहतं. आपल्या रुपयाची जाडी दबलेल्या भागात २.७ मिमी, कोरीवर ३.१ मिमी. कोरीत एक आडव्या रेघेचा तुकडा आहे, वाचता येण्याजोगं काही नाही.

शिकंज्यातल्या नाण्यावर याच्या नेमकं उलट घडतं. तो रुपया आधीच दोन्ही बाजूंनी पाडलेला असतो. वरचं नाणं जिथे पोचलं नाही तिथे मूळ अक्षरं पूर्ण उंचीची, टोकदार राहतात. कोरीत टांकसाळीचं नाव स्वच्छ वाचता येत असेल तर विकणारा ते मोठं भाग्य म्हणून दाखवेल. त्याच क्षणी सावध व्हावं, आणि दबलेल्या अक्षरांच्या तळाशी भिंग न्यावं: चिरडलेल्या जुन्या अक्षरांचे अवशेष तिथे सापडतात. उठावाच्या बाजूलाही अक्षरांचे माथे एकाच पातळीत चेपलेले असतात, कारण शिकंज्याचा जबडा किंवा त्याखाली ठेवलेलं शिसं तिथे टेकलेलं होतं. हे चेपणं आणि झीज वेगळी ओळखता येते. झीज उंच भागाला जास्त आणि गोलसर लागते, चेपलेला माथा सपाट आणि काठाला धारदार असतो.

दोन्ही बाजूंचा ठसा एकच हवा

आता निर्णायक पायरी. खऱ्या लखी नाण्यावर दोन्ही प्रतिमा एकाच ठशाच्या असल्याच पाहिजेत, कारण चिकटलेलं नाणं क्षणभर आधी त्याच खालच्या ठशावर पडलेलं होतं. सुरतेसारख्या टांकसाळीने बेसुमार रुपये पाडले आणि त्यासाठी ठसे मागून ठसे हाताने कोरले. हाताने कोरलेले दोन ठसे तंतोतंत सारखे होत नाहीत. शिकंज्यात दाबायला घेतलेला दुसरा रुपया पहिल्याच ठशाचा निघणं, हे लबाडी करणाऱ्याला शोधूनही सहज जमत नाही.

तुलना डोळ्यांनी करू नका, उलट्या खोलगट अक्षरांपुढे डोळा फसतो. फोटो काढा. फोन नाण्याच्या सपाटीला समांतर, साधारण ३० सेंटीमीटर वर, दुप्पट झूम; चौकटीत मिमीची पट्टी. दिवा एकच, तोही बाजूने आणि कमी उंचीवरून, पृष्ठभागाशी २० ते ३० अंशांत. उठावाच्या बाजूला उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून द्यायचा. खोलगट बाजूला तो खालच्या डाव्या कोपऱ्यातून द्यायचा. मग या दुसऱ्या फोटोची डावी-उजवी बाजू फोनवरच उलटवायची. आता अक्षरं सुलटी होतात, उजेड खालच्या उजवीकडून आल्यासारखा होतो आणि खड्डे वर उठलेले भासतात, जणू उजेड वरच्या डावीकडून आहे. दोन्ही फोटो एकाच भाषेत आले.

दोन्ही एका मापाचे करून एकावर एक ठेवा, वरचा निम्मा पारदर्शक. आपल्या रुपयात दुसरा फोटो ३५ अंश फिरवावा लागला. त्यात काही वावगं नाही. वरचा ठसा हातात होता, दोन घावांच्या मध्ये तो फिरला आणि त्याला चिकटलेलं नाणंही फिरलं. सरकलेपणही असणारच. फिरवल्यावर नाण्यावरच्या पद्यातल्या (ते पुढे दिलं आहे) 'बद्र'मधल्या 'ब'चा नुक्ता, म्हणजे ठिपका, 'मुनीर'मधला 'न'चा नुक्ता आणि शेजारच्या उभ्या रेघेचं टोक ही तिन्ही स्थळं एकावर एक बसली. पहिल्या दोन नुक्त्यांमधलं अंतर उठावात ८.२ मिमी, खोलगटात ८.३.

हा ०.१ मिमीचा फरकही बोलका आहे. चिकटलेलं नाणं प्रत्येक घावाला थोडं पसरतं, त्यामुळे त्याच्याखाली पडणारी पुढची लखी नाणी अधिकाधिक मोठ्या आणि पुसट प्रतिमेची होतात. इथे प्रतिमा जवळजवळ मूळ मापाची आणि खोल आहे. म्हणजे हे चिकटल्यानंतरचं पहिलं किंवा अगदी सुरुवातीचं नाणं.

एवढ्यावरही शंका उरली असती, पण ठशाच्या चिरेने ती मिटवली. उठावाच्या बाजूला दोन अक्षरांच्या मध्ये केसासारखी बारीक उंच रेघ आहे. ठसा तडकला की चांदी तड्यात शिरते आणि नाण्यावर अशी रेघ उठते. चिकटलेल्या नाण्यावरही ती असणार, आणि त्या नाण्याने दाबलेल्या बाजूवर तिची उलट, म्हणजे चर, उमटणार. दुसऱ्या फोटोत त्याच जागी, त्याच वळणाचा चर आहे.

उठावाला मूस घेऊन पाहायची सवय काहींना असते. मुलांच्या खेळातली रंगीत माती त्यासाठी वापरू नये. तिच्यात गंधक असेल तर चांदीवर काळा डाग राहतो. फोटो पुरतो.

सराफाची खूण साक्ष देते

खोलगट बाजूवर, 'शाह' शब्दाच्या उलट्या अक्षराला चिरत गेलेली अर्ध्या चंद्राची एक लहान सराफी खूण आहे. अशा खुणांमुळे नाण्याची किंमत कमी झाली असं धरतात. लखी नाण्यावर ती खूण म्हणजे देणगी आहे.

खुणेचे काठ धारदार आहेत, तिने खोलगट अक्षराची कड कापली आहे, आणि तिच्या तळाशी साचलेला काळा थर आजूबाजूच्या थरासारखाच आहे. म्हणजे अक्षरं आधी दबली, खूण नंतर पडली, आणि त्यालाही काळ लोटला. अलीकडे दाबलेल्या रुपयावर हा क्रम उलटा दिसला असता: जुनी खूण चेपून बुजलेली आणि अक्षर तिच्यावरून गेलेलं. त्याच ओघात आणखी एक पाहावं. दाबणाऱ्या नाण्यावर सराफी खूण असेल तर तिचा उंचवटा खोलगट बाजूवर येतो. नुकत्याच पाडलेल्या, ठशाला चिकटलेल्या नाण्यावर सराफाची खूण असूच शकत नाही. असा उंचवटा दिसला की तपासणी तिथेच थांबवावी.

झिजेचा हिशोबही जुळायला हवा. उठावाच्या बाजूला अक्षरांचे माथे झिजले आहेत. खोलगट बाजूला अक्षरं खाली सुरक्षित राहिली आणि झिजली ती मधली सपाटी. म्हणून खोलगट अक्षरं उठावाच्या अक्षरांपेक्षा टोकदार आहेत. दाबणारं नाणं चलनात झिजलेलं असतं तर त्याच्या बोथट माथ्यांचे बोथट खड्डे पडले असते.

हा रुपया चलनात फिरला यात नवल नाही. रुपया घेताना वजन आणि कस पाहिला जाई. चालू सालाचा सिक्का पूर्ण मोलाने, जुन्या सालाचा चलनी आणि आधीच्या बादशहाचा खजाना कसर कापून घेतला जाई. ज्या रुपयावर जुलूसचं, म्हणजे राज्यारोहणापासूनचं साल आणि टांकसाळ दिसतच नाही तो सराफाने ठोकून पाहिल्याशिवाय घेतला नसणार, आणि खूण तेच सांगते.

एका ठशाच्या दोन खिडक्या

औरंगजेबाच्या रुपयावरचा बैत, म्हणजे दोन ओळींचं पद्य, असा: 'सिक्का ज़द दर जहाँ चु बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर'. शाह औरंगजेब आलमगीराने जगात पूर्णचंद्रासारखं झळाळतं नाणं पाडलं. मोहरेवर बद्र, म्हणजे पूर्णचंद्राच्या जागी मिहर, म्हणजे सूर्य येतो. सोन्याला सूर्य, चांदीला चंद्र. बादशहाच्या नावाच्या याच बाजूला हिजरी सन असतो.

उठावाच्या बाजूला सनाचे १११ एवढे आकडे दिसतात, चौथा कडेबाहेर गेला आहे. विकणाऱ्याने '१११०च्या दशकातला' असंच लिहिलं होतं. पण ठसा चकतीपेक्षा मोठा, आणि चिकटलेलं नाणं त्या ठशावर वेगळ्या जागी बसलं होतं. त्यामुळे खोलगट बाजूला ठशाचा थोडा वेगळा तुकडा आला आहे. उलटवलेल्या फोटोत पहिला आकडा कापलेला आहे, पण शेवटी २ स्पष्ट आहे. दोन्ही फोटो जोडले की १११२. एकाच ठशाचा एवढा भाग कुठल्याही साध्या रुपयावर एकत्र पाहायला मिळत नाही. आमच्या मते लखी मोगल रुपयाचं खरं आकर्षण हेच, आणि बाजारात त्याची किंमत कुणीच धरत नाही.

हिजरी १११२ म्हणजे जून १७०० ते जून १७०१; जुलूसचं साल ४४ किंवा ४५. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले, ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली, आणि बादशहा स्वतः महाराष्ट्रात एकेक किल्ला वेढत होता.

सुरत म्हणायचं का?

टांकसाळीचं नाव दुसऱ्या बाजूला असतं, आणि या नाण्यावर ती बाजू नाही. कोरीतला रेघेचा तुकडा 'जुलूस'मधला असेल किंवा नसेलही. अक्षरांचं वळण सुरतेच्या रुपयांशी जुळतं. पण औरंगजेबाचे रुपये अहमदाबाद, जुन्नर, अहमदनगर, सोलापूर अशा कितीतरी ठिकाणी पडत होते, आणि वळण हा पुरावा नव्हे, अंदाज आहे.

पुरावा मिळण्याचा रस्ता आहे. उठावाच्या बाजूचा ठसा ज्या साध्या रुपयावर सापडेल, त्याच्या मागच्या बाजूवर टांकसाळ वाचायची. १११२ सनाच्या रुपयांचे फोटो लिलावांच्या जुन्या याद्यांत, झेनो या नाण्यांच्या ऑनलाइन संग्रहात आणि संग्रहालयांच्या नोंदींत पाहायचे. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन विचारायचं. ओळख पटवताना तीन गोष्टी धरायच्या: त्याच तीन स्थळांमधली अंतरं, सनातल्या २ ची शेपटी आणि ठशाचा तो तडा. जुळलेल्या रुपयावर तडा आखूड असेल तर तो रुपया आपल्या नाण्याच्या आधी पडला, लांब असेल तर नंतर. तोवर पाकिटावर 'सुरत' असं ठामपणे लिहायचं नाही.

कड आणि किंमत

कडेवर वरच्या भागात चारेक मिमी जागेत कानशीचे आडवे ओरखडे आणि पिवळट करडा ठिपका आहे. कधीकाळी इथे कडी डाखलेली होती, रुपया माळेत ओवला गेला होता. एक्सआरएफ करायचंच असेल तर हा ठिपका टाळून करावं, डाखाचं जस्त आकड्यात मिसळतं. कडेवरून फिरणारी अखंड फट मात्र कुठे नाही; दोन नाणी मधून कापून जोडलेली असती तर ती दिसली असती.

आठपट मागणीत तीन दावे होते: पूर्ण लखी, सुरत, निर्दोष. अर्धवट लखी, टांकसाळ अनिश्चित आणि कडी काढलेली, असं निघालं. खरेपणाबद्दल मात्र आता शंका नाही. पाचपटीवर व्यवहार झाला, आणि तो रास्त होता. फोटो विकणाऱ्यालाही दाखवले, त्यामुळे घासाघीस करावी लागली नाही.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच घ्यावं आणि नाण्याचं वर्णन असलेली पावती मागावी. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याकरवी तिथल्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवून प्लास्टिकच्या खोक्यात बंद करून आणू, हा बेत म्हणून बाद. शेतात किंवा जुन्या भिंतीत हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'शेतातून आलंय' असं सांगून विकणाऱ्याकडून घेऊच नये.

नाणं धुवायचं नाही. चिंच, रिठा, दात घासायची पेस्ट यांनी उठाव उजळतो आणि खोलगट अक्षरांतला जुना थर निघून जातो. सराफी खुणेची साक्ष त्या थरावर उभी आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात चांदीवर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून आम्लरहित कागदी पाकीट किंवा मायलर (पारदर्शक पॉलिएस्टर). खोलगट बाजूत ओल टिकते, तेव्हा पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि पाकिटाला रबरबँड कधीच नाही.

पाकिटावरची नोंद:

औरंगजेब आलमगीर. रुपया, चांदी. हि. १११२ (सनाचे आकडे दोन्ही बाजू जोडून वाचलेले). टांकसाळ बहुधा सुरत, ठशाची जुळणी बाकी. ११.४२ ग्रॅम, २३.४ × २२.८ मिमी. अर्धवट लखी, बादशहाच्या नावाची बाजू, ३५ अंश फिरलेली. दोन्हीकडे एकच ठसा, ठशाचा तडा दोन्हीकडे. खोलगट बाजूवर एक सराफी खूण. कडेवर कडी काढल्याची जागा.